तो फॉर्म कुणी भरला?

बँकेतून घेतलेल्या, खरं तर गळ्यात पडलेल्या, विम्याबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या खेपेला ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. आठ लाखांच्या एफडीची मुदत संपली म्हणून बँकेत गेले, तर तिथल्या साहेबांनी "काका, याहून चांगली एफडी आहे" म्हणत सह्या घेतल्या. परवा घरी पाकीट आलं, त्यात विम्याची पॉलिसी निघाली. वर्षाला दोन लाख, दहा वर्षं भरायचे. विमा काढलाय माझ्या सहा वर्षांच्या मुलावर. वडिलांची पेन्शन तीन हजारसुद्धा नाही. पैसे परत मिळतील का? (सातारा)

मिळतील, पण आजच हालचाल करा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. पूर्वी साधारण १५ दिवस असायचे, २०२४ च्या नियमांनी सरसकट ३० केले. ज्या पाकिटातून पॉलिसी आली ते फेकू नका, त्यावरची तारीख हाच तुमचा पुरावा. पॉलिसी ई-मेलनेही आली असेल तर दिवस तिथूनही मोजले जाऊ शकतात. म्हणून फॉर्मवर ई-मेल आणि मोबाइल नंबर कुणाचा टाकलाय ते आधी बघा. वडिलांना ई-मेलच नाही आणि फॉर्मवर मात्र कुणाचा तरी आहे, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेला फक्त प्रत द्या आणि पोच घ्या. दोन ओळी पुरेत : एफडी सांगून पॉलिसी दिली, ती आम्हाला नको, फ्री लूकखाली रद्द करा. विमा चालू राहिला तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा आणि मुद्रांक शुल्क एवढं वजा होऊन बाकीची रक्कम परत येते. बँकेतले साहेब "एक वर्ष चालू द्या, मग बघू" म्हणतील. ऐकू नका. त्यांना तीस दिवस घालवायचे असतात. उरलेले सहा लाख बचत खात्यात असतील तर पुढच्या हप्त्यांसाठी दिलेली ऑटो डेबिटची परवानगीही लगेच रद्द करा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पॉलिसीसोबत प्रस्तावाची, म्हणजे विमा मागण्यासाठी भरलेल्या अर्जाची, प्रत येते, ती काढून वाचा. वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय? व्यवसाय? विम्याची गरज कशासाठी? वडिलांचं उत्पन्न सहा-सात लाख आणि व्यवसाय 'शेती व व्यापार' असं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. तिच्यातल्या पाच हक्कांपैकी एक असा की जे विकायचं ते ग्राहकाच्या गरजेला आणि ऐपतीला साजेसं हवं. त्यासाठीच विकण्याआधी ग्राहकाची गरज तपासायचा फॉर्म असतो. पण तो भरतो विकणारा, आणि खाली सही असते तुमची. ग्राहकाला वाचवण्यासाठी केलेला कागद ग्राहकाच्याच विरोधात उभा राहतो. तुमच्या बाबतीत उलटंही होऊ शकतं. पेन्शनचं पासबुक आणि तो फॉर्म शेजारी-शेजारी ठेवले की वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. शिवाय विमा असतो कमावत्या माणसाचा. सहा वर्षांच्या मुलाच्या पगारावर तुमच्या घरात कोण जगतंय?

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

'एफडीसारखंच' या शब्दाची धास्ती मला मार्च २०२० पासून जास्त आहे. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे कर्जरोखे) तेव्हा शून्यावर आणले गेले, आणि ते घेणाऱ्यांत ठेवी मोडून आलेले ज्येष्ठ नागरिकही होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एव्हाना बऱ्याच जणांचं म्हातारपण त्या कागदांमागे गेलं होतं.

प्रश्न : वय ३४, आयटीत नोकरी, दोन वर्षांची मुलगी. बँकेची रिलेशनशिप मॅनेजर म्हणते, वर्षाला एक लाख असे दहा वर्षं भरा, पंधराव्या वर्षाअखेर १६ लाख नक्की. दहाचे सोळा म्हणजे ६० टक्के परतावा, शिवाय विमा, शिवाय टॅक्स वाचतो. घेऊ का? (ठाणे)

दहाचे सोळा होतात हे खरं आहे, फक्त किती वर्षांनी ते मधे गिळलं गेलंय. पहिला लाख पंधरा वर्षं अडकतो, दहावा लाख सहा वर्षं. एक्सेलमध्ये मांडून पाहा, वर्षाला साडेचार टक्के येतात. तेवढं व्याज कित्येक बँकांच्या साध्या ठेवीवर मिळतं. ठेवीच्या व्याजावर कर लागतो आणि याच्यावर बहुधा लागणार नाही, हा फरक मान्य. पण 'टॅक्स वाचतो' म्हणजे हप्त्याची वजावट, आणि ती जुन्या करपद्धतीत. तुम्ही नवी पद्धत घेतली असेल तर ती तिथे मुळातच नाही. रिलेशनशिप मॅनेजरने हे विचारलं होतं का?

विमा किती आहे तेही बघा. अशा पॉलिसीत तो साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे दहा लाख असतो. तुम्हाला उद्या काही झालं तर दहा लाखांत मुलीचं शिक्षण आणि घर किती वर्षं चालेल? तुमच्या वयाला निव्वळ टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, कोटीच्या घरातला. उरलेले पैसे तुम्हाला समजतं त्यात ठेवा. गंमत म्हणजे बँकांनी विमा कसा विकावा हे सांगताना रिझर्व्ह बँकेनेही २०१५ मध्ये हाच भेद केला होता : बचतीचा भाग नसलेला शुद्ध जोखमीचा विमा कुणालाही साजेसा धरायचा, आणि गुंतवणूक मिसळलेला विमा विकायचा तर आधी ग्राहकाची गरज तपासायची. तरीही बँकेच्या काउंटरवर टर्म पॉलिसीचं नाव कुणी आपणहून काढल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. तिच्या छोट्या हप्त्यात टार्गेट भरत नाही.

एक कबुली देतो. महिनाअखेर हातात दमडी न उरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि सक्तीच्या हप्त्यामुळेच त्यांच्याकडे काहीतरी साठलं. तुम्ही तसे असाल तर साडेचारच टक्के मिळणं ही त्या शिस्तीची किंमत समजा. फक्त ती किंमत आहे हे ठाऊक असू द्या.

प्रश्न : गृहकर्ज मंजूर झालं, पण त्यात दोन लाखांचा एकरकमी विमा घातलाय आणि तो घेतल्याशिवाय चेक निघणार नाही म्हणतात. हे सक्तीचं आहे का? (पुणे, पिंपळे सौदागर)

नाही. कर्जाशी विमा बांधायला आणि अमुकच कंपनीचा घ्या म्हणायला बँकेला मनाई आहे. "विमा सक्तीचा आहे असं लेखी द्या" एवढं एक वाक्य ई-मेलवर लिहा. लेखी कुणी देत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या किरकोळ (रिटेल) कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चांचा गोषवारा, द्यावं लागतं. त्यात विम्याचा खर्च वेगळा दाखवायचा आणि वार्षिक दरात धरायचाही. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो कागद मागा आणि हिशोब करा. हे दोन लाख कर्जातच मिसळले आहेत, म्हणजे २० वर्षं साडेआठ टक्क्यांनी तुम्ही त्यांच्यापोटी सुमारे ४ लाख १६ हजार फेडणार.

पण विमाच नको असं म्हणू नका. कर्ता माणूस गेला तर घर बँकेकडे जाऊ नये, यासाठी कर्जाएवढं संरक्षण हवंच. ते स्वतंत्र टर्म पॉलिसीने घ्या. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, गट विम्याला (अनेकांचा मिळून एकाच पॉलिसीत काढलेला) ती सवलत नाही, आणि कर्जाला जोडून येतो तो बहुतेकदा गट विमाच असतो. शिवाय कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं किंवा लवकर फेडलं तरी तुमची पॉलिसी तुमच्यासोबत राहते. हृदयविकार किंवा मधुमेहामुळे बाहेर विमा मिळत नसेल, तर मात्र बँकेचा गट विमा सोडू नका. तिथे अनेकदा आरोग्याची चौकशी सौम्य असते. मात्र विचारलं तेवढं खरं लिहा.

प्रश्न : आईचं वय ५८. दर मे महिन्यात तिच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये कापतात. बरोबर आहे का? (लातूर)

२० रुपयांचे बरोबर आहेत. तो अपघात विमा आहे, ७० व्या वर्षापर्यंत चालतो. ४३६ ची पंतप्रधान जीवन ज्योती, म्हणजे आयुर्विमा, मात्र ५५ व्या वर्षी संपते. त्यानंतर कापलेल्या पैशांवर कसलंही संरक्षण नाही. शाखेत लेखी अर्ज देऊन ते परत मागा आणि डेबिट बंद करा. अनेक आयांच्या पासबुकात हे सापडेल.

जाता जाता, तुम्ही पीककर्जाबद्दलही विचारलंय : खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही पीक विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो. पण हप्ता खरिपाच्या अन्नधान्याला विमा रकमेच्या दोन टक्के आहे. कोरडवाहू जमीन असेल तर नको म्हणण्याआधी दोनदा विचार करा.

प्रश्न : मी एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे, वय २६. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये विम्याचा आकडा विचारतात. ब्रँच मॅनेजर म्हणतात, उत्पन्नाचा रकाना "ॲडजस्ट" कर आणि विमा कंपनीच्या पडताळणीच्या कॉलला सगळ्याला हो म्हणायचं हे ग्राहकाला शिकवून ठेव. नोकरी तर हवी आहे. काय करू? (सोलापूर)

तुमचं पत्र सगळ्यांत जास्त वेळ माझ्या टेबलावर होतं. मीही शाखेत वर्षं काढली आहेत, महिन्याचा शेवटचा आठवडा काय असतो ते ठाऊक आहे.

विमा विकण्यासाठी तुम्ही प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलं आहे. प्रस्तावावर तुमचं नाव आणि क्रमांक जातो, ब्रँच मॅनेजरांचा जात नाही. उद्या सातारच्या काकांसारखं प्रकरण लोकपालापुढे गेलं तर "उत्पन्नाचा आकडा कुणी लिहिला?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. "ॲडजस्ट कर" हे तर तुम्हाला तोंडी सांगितलं होतं.

म्हणून फॉर्म ग्राहकासमोर बसून भरा, जमल्यास त्यांच्याच हाताने. उत्पन्न विचारा, कागद बघा. हप्ता झेपत नसेल तर फॉर्मवर तसं लिहा आणि विकू नका. सक्तीची सूचना आली की त्याच दिवशी साध्या भाषेत ई-मेल करा : "सर, या ग्राहकांचं उत्पन्न अमुक आहे, त्यामुळे हा हप्ता त्यांना सुचवला नाही." भांडण नाही, तक्रार नाही, नुसती नोंद. विमा कंपनीकडून तुम्हाला सहल, व्हाउचर असं काही आलं तर नाकारा. बँकेच्या कर्मचाऱ्याला विमा कंपनीने रोख किंवा वस्तुरूपाने प्रोत्साहन देणं रिझर्व्ह बँकेला चालत नाही.

आकडा यामुळे घटेल, खोटं सांगत नाही. पण सोलापुरात तरुण पगारदार, व्यापारी, यंत्रमागवाले आहेत, ज्यांच्याकडे टर्म किंवा आरोग्य विमा अजिबात नाही. त्यांच्याकडे जा. हप्ते छोटे असतील, माणसं जास्त भेटावी लागतील. आणि दुसऱ्या नोकरीसाठीचा अर्ज आत्तापासून तयार ठेवा. तो मात्र स्वतः भरा.