ऊसतोडीचा फड आणि ग्रोनिंगनचे वकील

प्रिय ईशान,

तू विचारलंस, "ऊसतोडीच्या फडावर माझ्याएवढा मुलगा मोळ्या बांधत होता. आपल्या मराठी लोकांत हे चालतं का? इथे नेदरलँड्समध्ये तर वान हाउटन यांनी १८७४ सालीच मुलांचं काम बंद केलं." तुझ्या इतिहासाच्या पुस्तकातलं हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं की फडावरचा मुलगाही कळतो. म्हणून आधी वान हाउटन.

सामुएल वान हाउटन १८३७ साली ग्रोनिंगनला जन्मले. वडील लाकडाचे व्यापारी. (कोकोच्या डब्यावरचे वान हाउटन वेगळे, त्यांचा यांच्याशी संबंध जोडू नकोस.) बहीण सीना चित्रकार होती. हेगमधलं समुद्राचं भलंमोठं गोल चित्र तिच्या नवऱ्याने, मेसडाग यांनी, १८८१ साली उभं केलं आणि त्यावर तिचाही हात फिरला आहे. सामुएल मात्र कायदा शिकले. १८५९ साली पदवी, गावातच वकिली, मग नगरपालिकेचा कारभार आणि १८६९ साली संसदेच्या खालच्या सभागृहात निवडून गेले. तिथे ते पंचवीस वर्षं राहिले.

ज्या कायद्याला त्यांचं नाव चिकटलं, तो त्यांनी मंत्री म्हणून केलेला नाही. इथे बहुतेक विधेयकं सरकार आणतं, पण साध्या सदस्यालाही स्वतःचं विधेयक मांडता येतं. सरकारने १८६३ साली कारखान्यांतल्या मुलांची चौकशी करायला समिती नेमली होती. कागद जमले, कायदा झाला नाही. तेव्हा वान हाउटन यांनी स्वतः मसुदा लिहिला. कायद्याचं लांबलचक शीर्षक मुलांच्या अतिश्रमाबद्दल आणि हेळसांडीबद्दल बोलतं. १९ सप्टेंबर १८७४ ला तो झाला. बारा वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, ठेवायचंही नाही.

आता त्यातलं पुढचं कलम वाच, कारण सगळी मेख तिथे आहे. घरातलं काम आणि शेतातलं काम यांना हा कायदा लागू नव्हता. म्हणजे कापडाच्या गिरणीत अकरा वर्षांचा मुलगा चालणार नाही, पण बटाटे काढायला, तण उपटायला, मालकाच्या घरी भांडी घासायला चालेल. त्या काळी या देशातली किती मुलं शेतावर राबत असतील, हे तूच ताड. याहून जास्त संसदेत मंजूर होणं कठीण होतं. जेवढं मंजूर होईल तेवढं पदरात पाडून घ्यायचं, ही खास वकिली चाल होती आणि माझ्या मते ती बरोबरच होती. नाहीतर तेवढंही झालं नसतं.

दुसरी खोट याहून मोठी. कारखान्यात जाऊन बघणार कोण? कायद्याने निरीक्षक नेमलेच नाहीत. गावचा महापौर आणि पोलीस यांच्यावर सोडलं. ज्या गावात एकच मोठा कारखाना, तिथला महापौर मालकाच्या दारात मुलं मोजायला कशाला जाईल? शाळेची सक्ती नव्हती, म्हणून गिरणीतून काढलेला मुलगा शाळेत जाईलच असंही नाही. शेवटी १८८६-८७ साली संसदेने चौकशी केली. मास्त्रिख्तच्या काच आणि चिनी मातीच्या कारखान्यांत मुलं रात्रपाळीला उभी राहतात, हे साक्षींतून बाहेर आलं. मग १८८९ चा कामगार कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा, रात्रीचं काम बंद, आणि पहिल्यांदाच सरकारी निरीक्षक. अख्ख्या देशाला तीन!

शेतावरची मुलं शाळेत आणायला शाळेचीच सक्ती लागली. तो कायदा १९०० साली ५० विरुद्ध ४९ मतांनी पास झाला. विरोधातला एक सदस्य घोड्यावरून पडल्यामुळे येऊ शकला नाही, म्हणून इथले लोक अजून हसतात. त्यातही शेतीच्या हंगामासाठी मोठ्या मुलांना काही आठवडे सुट्टी मिळायची सोय होतीच. आज शाळा चालू असताना विनापरवाना भारतात गेलं की पालिकेचा शाळा-सक्ती अधिकारी नोंद करतो आणि आईबापांना दंड होतो ना, त्याचं मूळ याच कायद्यात.

मंत्रिपद त्यांना उशिरा मिळालं: १८९४ ते १८९७, अंतर्गत कारभार खातं. वाद मताधिकाराचा होता. आधीचे मंत्री ताक वान पोर्टव्हलीट यांना लिहिता येणाऱ्या आणि स्वतःचं पोट भरणाऱ्या जवळपास प्रत्येक पुरुषाला मत द्यायचं होतं. त्यांचं विधेयक अडलं, निवडणूक झाली, ते गेले. वान हाउटन यांनी १८९६ साली तोललेला कायदा आणला. पंचवीस वर्षांचा पुरुष, आणि पुढीलपैकी एक खूण हवी: कर भरलेला, ठरावीक भाड्याचं घर, ठरावीक पगार, बचत बँकेत ५० गुल्डन (तेव्हाचं डच चलन), नाहीतर परीक्षा पास. मतदार वाढून जवळपास निम्म्या पुरुषांपर्यंत पोचले. बायकांना काहीच नाही. मुलांसाठी भांडलेला माणूस इथे एवढा जपून चालला, हे मला जरा खटकतं. पुढच्याच निवडणुकीत त्यांचं सरकार गेलं. ते १९३० पर्यंत जगले, म्हणजे सर्व पुरुषांना १९१७ साली आणि बायकांना १९१९ साली मत मिळालेलं त्यांनी पाहिलं.

आता आपल्याकडचं. मुंबईच्या गिरण्यांसाठी पहिला कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, बाराच्या आतल्यांना नऊ तास. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१ साली मुलांचं किमान वय नऊ झालं. शाळेची सक्ती कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली केली आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हा "मराठी लोकांत चालतं" असं नाही. त्याविरुद्ध भांडणारेही मराठीच होते.

आजचा कायदा काय म्हणतो? चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरकामाला मुलं ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार लावायला मात्र मुभा आहे, तोही धोक्याच्या कामात नाही.

मग फडावरचा मुलगा? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. आई-बाप तोडतात, मूल वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतं, मोळी बांधायला हात देतं, धाकट्याला सांभाळतं. मजुरी जोडीच्या नावावर, मुलाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्याला कामावर ठेवलं कोणी, याचं उत्तर ना मुकादम देतो ना कारखाना. कारखाना सुरू होतो दिवाळीच्या सुमारास, बंद होतो मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं अर्ध्याहून जास्त वर्ष त्यातच जातं. १८७४ च्या कायद्यातून शेत सुटलं होतं, तसंच इथे कुटुंब सुटतं.

उपाय दोन तऱ्हेचे आहेत. एक साखरशाळा, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळची शाळा. पण टोळी फड बदलत राहते, मूल मागे राहतं किंवा शाळा दूर पडते. दुसरं हंगामी वसतिगृह: मूल गावीच आजी-आजोबांकडे राहतं, गावच्याच शाळेत जातं, जेवणाची सोय योजनेतून होते. मला दुसरं बरं वाटतं. पण ते हंगाम सुरू व्हायच्या आत उघडावं लागतं, कारण टोळी एकदा ट्रकमध्ये बसली की मूलही बसतं.

पुन्हा असं दिसलं तर फोटो काढू नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे. मोठ्या माणसाला सांगून फोन करायचा. गाव, फड कोणत्या रस्त्याला आहे आणि कोणत्या कारखान्याचा ऊस जातो, एवढं सांगितलं तरी पुरतं.

तुझे,
बाबा