राजमुद्रा, कुलचिन्ह की ढालचिन्ह?

निफाड तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, फिनलंडच्या अगदी उत्तरेकडील इनारी या ग्रामीण नगरपालिकेविषयी मराठीत लिहिताना तिच्या ढालीवरील चित्राला ‘राजमुद्रा’ म्हणावे की ‘कुलचिन्ह’. माझ्या मते येथे यांपैकी एकही शब्द योग्य नाही.

मुद्रा म्हणजे दाबून उमटवलेला ठसा. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयाच्या नावातील ‘मुद्रण’ याच शब्दापासून आले आहे. आपल्याच जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली, आणि त्यांतील क्षत्रप राजा नहपानाच्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सत्ता कोणाकडे गेली हे त्या ठशानेच लोकांच्या हाती पोहोचवले. शिवाजी महाराजांच्या ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या मुद्रेत तर चित्रच नाही, केवळ अक्षरे आहेत. पत्राच्या माथ्यावर ती मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, अशी ती जोडी असे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द याच रिवाजाची आठवण आहे. कागद खरा ठरवणे हे मुद्रेचे काम आहे.

इनारीच्या ढालीवरील चित्राचे काम वेगळे आहे. त्यात एक मासा आहे आणि त्याच्या डोक्यावर रेनडिअरची शिंगे आहेत. मासेमारी आणि रेनडिअरपालन या दोन्हींवर तेथील लोकांचे जीवन उभे राहिले, हे त्या एका आकृतीत एकवटले आहे. ते चित्र राजाचे नाही, तसेच कोणत्या घराण्याचेही नाही. युरोपात बाराव्या शतकात सरदारांच्या ढालींवर अशी चिन्हे रंगवली जाऊ लागली व ती वंशपरंपरेने चालली, म्हणून तेथील घराण्यांपुरता ‘कुलचिन्ह’ हा शब्द शोभतो. गावाला मात्र कूळ नसते. ‘बोधचिन्ह’ चुकीचे नाही, परंतु बँकेपासून क्रीडास्पर्धेपर्यंत सर्वत्र तोच शब्द चालत असल्यामुळे ढालीचा संदर्भ त्यात हरवतो.

मी ‘ढालचिन्ह’ सुचवतो, आणि तो केवळ जुळवलेला शब्द नाही. जुन्या मराठीत ‘ढाल’ म्हणजे केवळ वार झेलण्याचे साधन नव्हते. सैन्याच्या अग्रभागी चालणाऱ्या मोठ्या निशाणालाही ढालच म्हणत, आणि ते निशाण वाहणारा हत्ती तो ‘ढालगज’. हा शब्द पुढे उर्मट स्त्रीला हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला, याचे मला वाईट वाटते, कारण मूळ शब्द मानाचा होता. ओळख आणि मान हे दोन्ही अर्थ ‘ढाल’ शब्दात आधीपासून आहेत.

आपल्याकडील एखाद्या ग्रामपंचायतीने ढालीशिवाय द्राक्षघडाचे किंवा गोदावरीचे चिन्ह केले, तर त्याला सरळ ‘ग्रामचिन्ह’ म्हणावे. शिक्षकांनी आपले वाक्य मात्र असे लिहावे: ‘इनारीच्या ढालचिन्हात रेनडिअरची शिंगे असलेला मासा आहे.’