लीगमधलं पूल टेबल नेमकं किती फुटी असतं?

तुम्ही विचारलंय: "दीड वर्ष ९ फुटी टेबलावर शिकलो. आता इथे अमेरिकेत लीगमध्ये नाव घातलं, तर कळलं की सामने ७ फुटीवर आहेत. सगळीकडे असंच असतं का? आणि माझा सराव वाया गेला का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात वाया गेलेला नाही. फक्त काही सवयी बदलाव्या लागतील, आणि त्या कोणत्या हे आधीच माहीत असलेलं बरं.

अमेरिकेतल्या हौशी लीगचे बहुतेक सामने ७ फुटीवरच होतात. त्याचं कारण जागेचं आहे. या लीग वाढल्या त्या बारमध्ये, आणि बारमध्ये नाणं टाकून चालणारं ७ फुटी टेबल असतं, कारण मोठं तिथे मावत नाही. व्हीएनईए या संघटनेच्या नावातला 'व्ही' म्हणजे व्हॅली, ही अशी नाणेवाली टेबलं बनवणारी कंपनी. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली एपीए ही सगळ्यात पसरलेली लीग. तिचे साप्ताहिक सामने यजमान ठिकाणी जे टेबल असेल त्यावर होतात, पण लास वेगासमधल्या मोठ्या स्पर्धा ७ फुटीवरच खेळवतात. पूल हॉलमध्ये भरणाऱ्या काही लीग मात्र ९ फुटीवर खेळतात, क्वचित ८ फुटीही मिळतं. म्हणून वेळापत्रक हातात आलं की कुठल्या ठिकाणी कुठलं टेबल आहे ते कॅप्टनला विचारून घ्या.

आता मापं. 'फुटी' हे नुसतं बोलायचं नाव आहे. खरं माप एका कुशनच्या (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीच्या) नाकापासून, म्हणजे आतल्या टोकापासून, समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत घेतात. ९ फुटी म्हणजे १०० × ५० इंच. घरगुती ८ फुटी ८८ × ४४, आणि 'मोठं आठ' म्हणून ओळखलं जाणारं ९२ × ४६. ७ फुटी साधारण ७८ × ३९, पण इथे कंपनीगणिक इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात. लांबी नेहमी रुंदीच्या दुप्पट, त्यामुळे डायमंड (टेबलाच्या कडेवरच्या खुणा) मोजून कुशनचे शॉट काढायची पद्धत कुठल्याही टेबलावर चालते. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर ७ फुटी हे ९ फुटीच्या जेमतेम ६१ टक्के भरतं.

पण बॉल तेवढाच राहतो, सव्वादोन इंचाचा. सगळा फरक इथून सुरू होतो.

आधी सोपी बाजू. समजा बॉल पॉकेटकडे निघाला आणि त्याची दिशा १ अंशाने चुकली. ४ फुटांवर पोचेपर्यंत तो ०.८४ इंच सरकलेला असतो, ६ फुटांवर १.२६ इंच. साडेचार इंच तोंडाच्या पॉकेटमध्ये, सरळ समोरून येताना, दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळते सुमारे १.१ इंच. म्हणजे तीच चूक छोट्या अंतरावर माफ होते आणि लांबवर बॉल पॉकेटच्या ओठावर खडखडून बाहेर येतो. ९ फुटीवर तुम्ही दीड वर्ष हे लांबचे बॉल मारलेत. तो सरळपणा ७ फुटीवर सोबत येतो, उलट दिशेने तो सहज येत नाही.

म्हणून लोक म्हणतात, "छोटं टेबल, सोपं टेबल." मला हे पटत नाही. तेच १५ रंगीत बॉल आणि एक पांढरा, एवढे ६१ टक्के जागेत कोंबले की गर्दी होते. बॉल एकमेकांना चिकटतात, वाटा बंद होतात, आणि पांढरा थांबायला जागाच सापडत नाही. माझा लीगमधला पहिला सामना मी असाच हरलो. मीही ९ फुटीवरून आलो होतो. माझे फक्त ३ आणि ६ नंबरचे बॉल उरले होते, लांबच्या कुशनजवळ एकमेकांना टेकलेले. समोरच्याचे पाच बॉल टेबलावर होते. मी सोपे बॉल भराभर घेतले आणि ती जोडी शेवटी ठेवली. ती फोडायला पांढरा सोडला तो माझ्या नेहमीच्या जोराने, तर तो जोडीला घासून पुढे कुशन घेऊन समोरच्याच्या दोन बॉलांमागे जाऊन बसला. मी एकही लांबचा बॉल चुकवला नव्हता, तरी गेम गेली. तेव्हापासून नियम केला की चिकटलेली जोडी दिसली तर ती पहिल्या दोन-तीन बॉलांतच फोडायची, हाताशी दुसरा सोपा बॉल असेपर्यंत.

जोराचं म्हणाल तर सुरुवातीला सगळेच ७ फुटीवर जास्त मारतात. हात अर्ध्यावर आणा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या, जी बहुतेक जण विसरतात: तिथला पांढरा बॉल कसला आहे? नाणेवाल्या टेबलात रंगीत बॉल आत अडकून राहतात, पण पांढरा परत यावा लागतो. त्यासाठी जुन्या टेबलांवर तो मोठा, साधारण ६० मिलिमीटरचा असतो, किंवा वजनाने जड. अशा बॉलला ड्रॉ घेणं, म्हणजे टक्कर झाल्यावर मागे आणणं, त्रासाचं, तो मागे यायला तयार नसतो, पण फॉलो मात्र, म्हणजे टक्करीनंतर पुढे जाणं, भरपूर घेतो. नवीन टेबलांवर चुंबकाने वेगळा होणारा पांढरा असतो. तो आकाराने नेहमीसारखाच, आणि फार फरक जाणवत नाही.

सरावाचं म्हणाल तर मोठं टेबल सोडू नका. आठवड्यातले दोन दिवस ९ फुटीवर, एक दिवस ७ फुटीवर, हे मला सगळ्यात जमलं. ७ फुटी मिळत नसेल तर ९ फुटीचा अर्धा भागच वापरा. तो ५० × ५० इंचांचा चौकोन होतो. त्यात आठ बॉल विखरून टाका आणि पांढरा मधली रेषा ओलांडू न देता सगळे घ्या. पहिल्या दिवशी तीन-चारच्या पुढे गेलात तरी खूप झालं.

घरी टेबल घ्यायचा विचार असेल तर आधी खोली मोजा. ५८ इंची क्यू (खेळायची काठी) चारी बाजूंनी मोकळा फिरायला ९ फुटीला १८ × १४ फूट लागतात, ७ फुटीला सुमारे १६ × १३. आणि व्हिडिओ बघताना एक सावधगिरी: ब्रिटनमधलं ७ फुटी पूल हा वेगळा खेळ आहे. तिथे बॉल २ इंचांचे आणि पॉकेटचे ओठ स्नूकरसारखे गोलाकार, त्यामुळे तिथली पॉकेटिंगची युक्ती आपल्या टेबलावर लागू पडत नाही.

पहिल्या सामन्याला वीस मिनिटं आधी पोचा. सराव मिळत असेल तर बॉल पॉकेट करत बसू नका. पांढरा एका टोकावरून हळू सोडा, समोरचं कुशन घेऊन परत आपल्या कुशनला जेमतेम टेकेल एवढ्या जोराने. आठ-दहा वेळा. कापडाचा वेग आणि कुशनचा उसळा, दोन्ही हातात बसतात. मग ड्रॉचे दोन शॉट मारून पांढरा किती मागे येतो ते पाहा.