हवेतले सूर : वाचक विचारतात

प्रश्न : किट आणून थेरमिन (स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) जोडलं. सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं सूर सरकत राहतो, मागून कुणी गेलं तरी बदलतो. कधीकधी तर हात दांडीकडे नेला की सूर आधी उतरतो आणि मग चढायला लागतो. एखादा पार्ट गेलाय का? (नाशिक)

उत्तर : पार्ट ठीक असावेत. थेरमिनमध्ये कानाच्या आवाक्यापलीकडे चालणारे दोन ऑसिलेटर (विजेची कंपनं निर्माण करणारी सर्किटं) असतात. एकाची वारंवारता ठरलेली, दुसऱ्याला उभी दांडी, म्हणजे अँटेना, जोडलेली. तुमचा हात आणि ती दांडी मिळून एक चिमुकला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) तयार होतो. हात जवळ आला की दुसऱ्याची वारंवारता उतरते आणि दोघांतला फरक तेवढा स्पीकरमधून ऐकू येतो. आता आकडे घालून बघा. समजा ऑसिलेटर २८५ किलोहर्ट्‌झवर आहे आणि सर्किटची एकूण कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, १०० पिकोफॅरड (हे तिचं एकक). हाताने अर्ध्या पिकोफॅरडची भर घातली की वारंवारता पाव टक्का, म्हणजे साधारण ७०० हर्ट्‌झ उतरते. तुमचं सगळं वादन या अर्ध्या पिकोफॅरडमध्ये चालतं. मागून जाणारा माणूस त्यात ढवळाढवळ करणारच. (लेव्ह तेर्मेन यांना १९२० च्या सुमारास पेट्रोग्राडमध्ये हे वाद्य सापडलं ते वायूंचे गुणधर्म मोजायचं उपकरण बनवताना. हाताने मापन बिघडतं, हाच त्याचा शोध!)

सर्किट गरम होताना एकच ऑसिलेटर टक्क्याच्या शंभराव्या भागाने सरकला, तरी २८ हर्ट्‌झचा फरक पडतो. काळी एकचा सा २७७ हर्ट्‌झचा; तेवढ्यात तो कोमल रे ओलांडून जातो. म्हणून वाद्य २० मिनिटं आधी चालू करून ठेवा आणि पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नका. दांडीच्या चहूबाजूंना निदान एक मीटर मोकळं हवं, लोखंडी कपाट तर त्याहून लांब.

उलटा सूर हा जुळवणीचा दोष. ज्या जागी वाजवणार तिथेच उभे राहा आणि उजवा हात खांद्याशी घ्या. पिचची खुंटी हळूहळू फिरवा. सूर खर्जात जात जात, गुरगुरत, बंद पडेल. तिथेच थांबा. खुंटी त्या शांत जागेच्या पुढे गेली, की हात पुढे नेताना ती जागा पुन्हा ओलांडावी लागते, म्हणून आधी उतार आणि मग चढ. एक पाऊल मागेपुढे सरकलात तरी ही जुळवणी पुन्हा करावी लागते. आतल्या कॉइलचा गाभा फिरवायचा असेल तर प्लास्टिकचा पेचकस घ्या. लोखंडी पेचकस आत गेला की त्यानेच सूर बदलतो आणि बाहेर काढला की जुळवणी वाया.

आणखी एक, सहसा न तपासलेली गोष्ट म्हणजे अर्थिंग. दोन पिनांचा अडॅप्टर आणि बॅटरीवरचा स्पीकर असेल तर सर्किटला जमिनीचा आधारच मिळत नाही. सूर डळमळतो, पल्ला आखडतो. तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या अँप्लिफायरला ऑडिओ केबलने जोडून बघा. सॉकेटच्या भोकात तार खुपसायचा उद्योग मात्र कुणीही करू नये.

प्रश्न : थेरमिनवर राग वाजवायला घेतला तर दोन सुरांमध्ये कायम मींडच येते. सुटा सूर लागतच नाही. (सांगली)

उत्तर : डावा हात वापरा. आडव्या कडीजवळ तो नेला की आवाज बंद, वर उचलला की मोठा. उजवा हात जागा बदलत असताना डावा क्षणभर खाली झुकला पाहिजे. उजव्या हाताने सगळा दंड हलवू नका. मिटलेली मूठ म्हणजे सा धरा आणि बोटं क्रमाने उघडत पंजा पूर्ण उघडला की तार सा, अशी जुळवणी करा. तानपुऱ्याचा स्पीकर डोक्यामागे ठेवा. मोबाइल दांडीपाशी ठेवू नका.

प्रश्न : आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर वापरून हवेत हात हलवून वाजणारं खेळणं केलं. सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, मध्येच अडकतो, आणि खालचे सूर फार दाटीवाटीने येतात. (पुणे)

उत्तर : हा थेरमिन नव्हे. हा सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. दोन मापनांत ६० मिलिसेकंद ठेवायचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम सोळा मापनं. पायऱ्या त्याच्याच. प्रत्येक वेळी नव्या आणि जुन्या वारंवारतेतल्या फरकाचा पाचवा हिस्साच जुनीत मिळवा आणि ही आकडेमोड दर ५ मिलिसेकंदांनी करा. मापन नवं आलेलं नसलं तरी चालेल. अडकण्याचं कारण बहुधा पल्सइन, म्हणजे प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजणारी आर्डुइनोची आज्ञा. प्रतिध्वनी आला नाही तर ते आपणहून सेकंदभर थांबून राहतं. त्याला ४००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घाला. ४५ सेंटिमीटरसाठी पुरते. तळवा सेन्सरला सरळ समोर ठेवा. तिरका झाला की आवाज भलतीकडे उडतो.

दाटी होते ती सरळ प्रमाण लावल्याने. ४० सेंटिमीटरांत १३१ ते ५२३ हर्ट्‌झ बसवलेत, तर खालच्या सप्तकाला जेमतेम १३ सेंटिमीटर आणि वरच्याला २७ मिळतात. त्याऐवजी दर २० सेंटिमीटरला वारंवारता दुप्पट होईल असं सूत्र लिहा.

प्रश्न : कथकच्या तत्कारातून आणि चक्करांतून इलेक्ट्रॉनिक आवाज निघावेत म्हणून घोट्याला आणि मनगटाला एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर बांधला. जोरात नाचलं की आकडे एका जागी गोठतात. (ठाणे)

उत्तर : मर्यादा वाढवलेल्या दिसत नाहीत. हा सेन्सर चालू होतो तेव्हा त्वरणाची कमाल २ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) आणि फिरण्याची सेकंदाला २५० अंश असते. सेकंदात एक चक्कर म्हणजे ३६० अंश, तिथेच आकडा कमालीला जाऊन बसतो. फिरणं २००० अंशांवर आणि घोट्याचं त्वरण १६ जीवर न्या. द्रुत लयीत सेकंदाला आठ आघात धरले तर दोन आघातांत १२५ मिलिसेकंद उरतात. एक आघात नोंदल्यावर ७० मिलिसेकंद पुढचं काही नोंदवू नका, नाहीतर पायाच्या हादऱ्याने एकाचे दोन बोल वाजतील. चक्कर किती झालं हे मात्र नुसत्या जायरोवर (सेन्सरमधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) सोडू नका. त्याचा आकडा सरकत जातो आणि या सेन्सरमध्ये दिशा दाखवणारं होकायंत्र नाही. दर तिहाईच्या समेवर, पाय थांबले की, शून्य करून घ्या.

नाचून सूर काढायची कल्पना जुनी आहे. तेर्मेन यांनीच टर्प्सिटोन नावाचा मंच केला होता, ज्यावर नर्तकाचं सगळं शरीर अँटेनासमोरच्या हाताचं काम करी. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यावर नाचल्या त्या क्लारा रॉकमोर, पुढे थेरमिनच्या सर्वांत नावाजलेल्या वादक.