वाचक विचारतात

प्रश्न : बाबासाहेबांच्या नातवांची नावं निवडणुका आल्या की ऐकू येतात. पण त्यांचे चिरंजीव भैय्यासाहेब यांनी स्वतः काय केलं? की वडिलांच्या नावावरच आयुष्य गेलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून आधी जरा रागच आला. मग वाटलं, तुमचा काय दोष? त्यांच्याबद्दल लिहिलंच किती कमी जातं!

भैय्यासाहेब म्हणजे यशवंत आंबेडकर, जन्म १२ डिसेंबर १९१२चा. बाबासाहेब-रमाबाईंची पाच मुलं. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लहानपणीच गेली, हा एकटा जगला. १९३५ साली आईही गेली.

मी उमेदवारी केली ती छापखान्यात. खिळे जुळवून बोटं काळी करून घेतलेला माणूस मी, त्यामुळे मला भैय्यासाहेब आधी छापखानेवाले म्हणूनच दिसतात. भारतभूषण, पुढे बुद्धभूषण झालेला तो छापखाना त्यांनी सांभाळला. बाबासाहेबांचं वृत्तपत्र 'जनता' आणि १९५६च्या फेब्रुवारीत तिचं नाव बदलून झालेलं 'प्रबुद्ध भारत' चालू ठेवायचं म्हणजे कागदाची उधारी, मुद्रितं आणि अंक वेळेवर टपालात पडेल ना याची धास्ती. सभेत हार घालून घेण्यापेक्षा हे काम अवघड, असं माझं मत. अर्थात मी पक्षपाती आहे!

१९६० ते १९६६ ते विधान परिषदेत होते. रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीचा तो काळ, त्यावर एका उत्तरात लिहून भागणार नाही.

बाबासाहेबांमागे भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांच्याकडे आली. दादरच्या चौपाटीवर, जिथे वडिलांवर अंत्यसंस्कार झाले तिथे स्मारक उभारायचं होतं आणि हाताशी पैसा नव्हता. मग महू या बाबासाहेबांच्या जन्मगावापासून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली आणि गावोगाव लोकांकडून निधी गोळा केला. कुणी चार आणे दिले असतील, कुणी रुपया. वडिलांचं नाव त्यांनी वापरलं म्हणायचं, तर ते असं वापरलं.

चैत्यभूमीचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ला झालं, भैय्यासाहेबांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कपर्यंत रांग लागते, ती याच छोट्या घुमटाच्या दर्शनाची. भैय्यासाहेब १७ सप्टेंबर १९७७ला गेले. थोरले चिरंजीव प्रकाश तेव्हा तेवीस वर्षांचे होते.