बाभूळ कापताना चेनसॉची (इंजिनवर चालणाऱ्या करवतीची) चेन बोथट का होते?

भाऊ, बाभळीला दोष देऊ नका. कठीण लाकूड चेन हळूहळू झिजवतं, पण सालीतली माती तिची धार क्षणात घालवते. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू अडकलेली असते. आधी तारेच्या ब्रशने झाडा, कापायच्या जागेची साल कोयत्याने काढा आणि ओंडका दुसऱ्या लाकडावर उचलून ठेवा. करवतीचं टोक जमिनीला एकदा जरी टेकलं, तरी धार गेली समजा.

भुसा बघत राहा. जाड छिलके पडतात तोवर ठीक. पिठासारखा बारीक पडू लागला की थांबा. जोर लावून कापत राहिलात तर बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) तापतो, चेनही खराब होते.

मी प्रत्येक टाकी भरताना, इंजिन बंद करून, हातमोजे घालून, गोल कानसीचे दोन-तीन हात मारतो. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन लागतो. कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. कानसीची जाडी चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधल्या अंतराच्या मापाप्रमाणे) घ्या: ०.३२५ इंच पिचला ४.८ मिमी. सगळे दात सारख्याच लांबीचे हवेत, नाहीतर काप वाकडा जातो. दातापुढची बुटकी खुंटीही अधूनमधून चपट्या कानसीने उतरवा. ती दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवी. नवे लोक हेच विसरतात.