मुलगी आठवीत आहे, सॉफ्टबॉलमध्ये पिचर आहे. यात कुणाचं करिअर झालंय का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सोलापुरात शाळेकडून खेळते, आणि घरातले म्हणतात यात काय ठेवलंय, त्यापेक्षा क्रिकेट तरी खेळ. करिअर झालंय की ओ. पण कसं झालं ते बघा, कारण मेडलचा फोटो सगळे दाखवतात, मधली वर्षं कुणी सांगत नाही.

मी स्वतः शाळेत पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, होते. 2008 ला नववीत असताना आमच्या सरांनी पेपरातलं एक कात्रण आणलं होतं, जपानची पिचर युकिको उएनो. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये 20 ऑगस्टला तिने एकाच दिवशी दोन मॅच टाकल्या, आधी अमेरिकेशी, ती 9 इनिंगपर्यंत लांबली आणि हरले, मग फायनलला जायची दुसरी संधी म्हणून लगेच ऑस्ट्रेलियाशी, ती 12 इनिंग चालली आणि जिंकले. (एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग, आणि मॅच 7 इनिंगची असते, म्हणजे बघा.) दिवसाचे 318 बॉल. दुसऱ्या दिवशी फायनल, परत अमेरिका, परत हीच, 95 बॉल, 3-1 ने गोल्ड. अमेरिकेची टीम ऑलिम्पिकमध्ये ओळीने 22 मॅच जिंकून आली होती. एकूण 413 बॉल, जपानमध्ये हा आकडा म्हणीसारखा झालाय म्हणे.

घरी येऊन आईला सांगितलं. आई विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, बोटं चालूच. आमच्या घरात तेलुगू बोलतात, ती मान वर न करता म्हणाली, "अंतेना?" म्हणजे एवढंच? तिचा रोजचा हिशोब हजाराचा होता. तेव्हा राग आला होता, आता हसू येतं.

आता मुद्द्याचं. ज्या गोल्डमुळे उएनो जगाला कळली ते मिळायच्या आधीच सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधून गेलेलं होतं. 2005 ला सिंगापूरला ऑलिम्पिक कमिटीचं मतदान झालं, 52 विरुद्ध 52, बरोबरीत, आणि ठेवायला बहुमत लागतं म्हणून 2012 पासून खेळ बाहेर. एका मताने बे! मग पुढचे ऑलिम्पिक थेट टोकियो, तेही कोरोनामुळे 2021 ला. म्हणजे बीजिंगला 26 वर्षांची असलेली पोरगी 39 ची झाली तेव्हा परत संधी आली. आणि तिने परत गोल्ड घेतलं, फायनलला परत अमेरिकाच, 2-0. त्या मॅचमध्ये तिला सहाव्या इनिंगमध्ये काढून मिउ गोतो या तरुण पिचरला आणलं आणि सातव्याला उएनोला परत आत घेतलं, सॉफ्टबॉलमध्ये पहिल्यापासून खेळणारीला एकदा परत येता येतं, क्रिकेटवाल्यांना हे पटतच नाही. दोन वर्षं आधी, 2019 ला, मारलेला बॉल थेट तोंडावर येऊन तिचा जबडा मोडला होता.

मग ती 13 वर्षं ती काय करत होती? रोज प्रॅक्टिस आणि कंपनीची टीम. 2001 मध्ये ती ताकासाकी शहरातल्या कंपनीच्या टीममध्ये लागली, मध्ये टीमची मालक कंपनी बदलली, आता ती एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानवाल्यांची आहे, उएनो मात्र तिथेच राहिली. तिकडे कंपन्या टीम पाळतात, लीग चालते, महिन्याचा पगार येतो. तिचं करिअर त्या पगारावर उभं राहिलं, ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा आणि तेही येईलच असं नाही. पॅरिसला नव्हतंच, आता 2028 ला लॉस एंजेलिसच्या वेळी परत आहे.

आपल्याकडे ती कंपनी नाही. उगाच स्वप्न दाखवत नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धा, मग युनिव्हर्सिटी, मग दहावी-बारावीचे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, इतकंच हातात येतं. तेही सर्टिफिकेट असून भागत नाही, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं लागतं ते ठरलेलं असतं. माझी पडताळणी जाहिरात निघाल्यावर सुचली. सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, लॅमिनेट केलेलं, ते पण करू नका, ओरिजिनल तसंच ठेवा.

दुसरं, खांदा. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. 43 फुटांवरून, म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या दोन तृतीयांश अंतरावरून, हात पूर्ण गोल फिरवून बॉल टाकायचा, जोरात टाकला तर बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. लोक म्हणतात खालून टाकतात म्हणून हात दुखत नाही. साफ खोटं. एका स्पर्धेत मी एका दिवसात तीन मॅच टाकल्या, एप्रिलचं सोलापूरचं ऊन, मैदान तव्यासारखं, दुसरी पिचर बाकावर बसून कलिंगड खातीये, आणि जो कोच होता तो म्हणत होता "उएनोने 413 टाकले, तुला काय झालंय". त्याला कोण सांगणार की ती तेव्हा 26 ची होती आणि मी 15 ची. बारावीपर्यंत केस विंचरताना उजवा हात वर जायचा नाही. तेव्हा मुलीचे बॉल मोजा, प्रॅक्टिसचे पण. वहीत लिहा, आणि टीममध्ये दुसरी पिचर तयार करा म्हणून कोचच्या मागे लागा.

घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. क्रिकेट का नाही तर तिला बॉल खालून फिरवायला आवडतंय म्हणून, एवढं पुरे आहे आठवीसाठी.

आणि हो, ग्लोव्हची लेस तुटली तर लगेच नवीन ग्लोव्ह घेऊ नका, महाग असतात. चपला शिवणाऱ्या काकांकडे न्या, जाड चामड्याची वादी मागा. मी एकदा घाईत साध्या नायलॉन दोऱ्याने शिवून घेतला होता, पहिल्याच मॅचला जाळी उसवली आणि बॉल आरपार.